वाड्याचं वायरिंग: उशीर झाला, पण काम चोख

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात अभ्यासिका काढायची, म्हणून सगळं वायरिंग नव्यानं करून घेतलं. लाकडी पट्टीतल्या वायरचं रबर हात लावताच भुरभुर गळायचं, चिनीमातीच्या फ्यूजला जाड तार गुंडाळलेली, आणि अर्थिंग कुठेच नाही! या वायरमनदादांनी सागवानी तुळईला एक भोक पाडलं नाही. मातीच्या भिंती न फोडता कडेकडेनं पाइप नेले. लाइटला १.५, एसीला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. अंगणात अर्थिंगचा खड्डा, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबायचं, हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. आठ दिवस उशीर झाला, ते एक वेळ चालेल. पण माजघरातली आजोबांच्या वेळची गोल काळी बटणं न विचारता भंगारात टाकली, ते अजून सलतं.