शिवाजी उद्यमनगरातील गाडीच्या काचेचे दुकान: बसवणी चोख, पण स्टिकरबाबत आधी कल्पना द्यायला हवी

पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे खडीचे डंपर सतत ये-जा करत असतात, त्यामुळे कोल्हापूरकरांच्या गाड्यांच्या पुढच्या काचा तडकणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. माझ्याही डिझेल गाडीच्या काचेला उडालेल्या खड्याने तडा गेला आणि शिवाजी उद्यमनगरातील एका लहान दुकानात मी ती बदलून घेतली. त्या कामाचा अनुभव सविस्तर लिहिण्याजोगा आहे, कारण दुकानाची बसवणीची बाजू फार चांगली आहे आणि एक बाजू अजून सुधारायला हवी.

पहिली चांगली गोष्ट अशी की, गाडी उभी केल्याबरोबर काच बदलायचा आग्रह कोणी धरला नाही. मालकांनी तड्यावरून नख फिरवून पाहिले, आतूनही हात लावला आणि तडा बाहेरच्याच थरात आहे, हे दाखवून दिले. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. म्हणूनच ती बाजूच्या काचांसारखी चुरा होऊन अंगावर पडत नाही. लहानसा टवका असता तर त्यात रेझिन भरून अतिनील प्रकाशाखाली पक्के करता आले असते. माझा तडा मात्र काचेच्या कडेपर्यंत पोचला होता आणि चालकाच्या नजरेसमोरून जात होता, तेव्हा भरण्यात अर्थ नव्हता. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला की असा तडा आणखी सरकतो, हेही त्यांनी सांगितले.

गाडीच्या कंपनीची काच आणि बाजारातील नामांकित उत्पादकाची काच, असे दोन्ही पर्याय त्यांनी भावासकट समोर ठेवले. दुसरा पर्याय बराच स्वस्त होता आणि मी तोच घेतला. मात्र काचेच्या कोपऱ्यातील आयएसआयचे चिन्ह पाहून मगच होकार दिला. ते चिन्ह पाहायला मागितल्यावर कपाळाला आठ्या न घालणारा दुकानदार मिळणे, ही माझ्या मते निम्मी परीक्षा आहे.

खरे कसब दिसले ते जुनी काच काढताना. वायपर आणि खालचे प्लॅस्टिकचे कव्हर उतरवल्यावर, डॅशबोर्डवर जाड चादर अंथरून, काच चौकटीला चिकटवून ठेवणाऱ्या सीलंटमधून पातळ पोलादी तार आत घातली गेली आणि एक कारागीर आत, एक बाहेर असे बसून करवतीसारखी ती तार ओढत गेले. चौकटीच्या रंगाला कुठेही ओरखडा उठला नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण तिथे रंग उडाला की गंज धरतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी नेमके तिथूनच आत उतरते. जुना सीलंट मुळापासून न खरवडता त्याचा पातळ थर ठेवला, नव्या काचेच्या काळ्या कडेला प्रायमर लावून तो वाळू दिला आणि मगच व्हॅक्यूम कपांनी काच उचलून बसवली. घाई अजिबात केली नाही. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेचा आधार घेते, त्यामुळे काच नुसती चिकटून भागत नाही, ती पक्की धरलेली असावी लागते. निघताना मालक म्हणाले, ''साहेब, उद्यापर्यंत गाडी धुऊ नका आणि एका बाजूची काच बोटभर खाली ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार आपटले की आतल्या हवेच्या दाबाने ओला सीलंट सुटतो.''

नाराजी आहे ती स्टिकरबाबत. जुन्या काचेवर फास्टॅग होता आणि एचएसआरपीचे (उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे) तिसरे स्टिकरही होते, म्हणजे पुढच्या-मागच्या पाट्यांखेरीज काचेवर लावायचे, इंधनाचा प्रकार रंगाने दाखवणारे. डिझेल गाडीला ते नारिंगी असते, पेट्रोल व सीएनजी गाडीला फिकट निळे. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना ते कंपनीकडूनच लागून येते. ही दोन्ही स्टिकरे काढताना फाटावीत अशीच बनवलेली असतात, म्हणजे नव्या काचेवर ती हलवता येत नाहीत. दुकानाला हे रोजच्या कामातून ठाऊक असणारच, तरीही काच सुटल्यानंतर ते मला सांगण्यात आले. आधी कळले असते तर फास्टॅगची मागणी मी काच बदलण्यापूर्वीच नोंदवली असती. ज्या बँकेचा टॅग होता तिने बदली टॅग पाठवायला चांगलीच दिरंगाई केली आणि तोवर किणी टोल नाक्यावर मला जादा पैसे भरावे लागले. जुना टॅग सोलून हातात धरून दाखवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो मानू नये. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2025 मध्ये जाहीर केले आहे. तिसरे स्टिकर आरसी दाखवून अधिकृत मार्गानेच घ्यावे; रस्त्याकडेच्या दुकानात कोणी छापून देत असेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

विम्याच्या बाबतीत दुकानाने योग्य सल्ला दिला: सर्व्हेअरने पाहण्याआधी काचेला हात लावायचा नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही, फक्त सक्तीची वजावट आपल्या खिशातून जाते आणि ती 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आहे. मात्र दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, म्हणून स्वस्त काचेसाठी दावा करावा की नाही, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

काच बसवण्यासाठी या दुकानाची शिफारस मी निःशंकपणे करेन. गाडी देण्यापूर्वी दोन्ही स्टिकरांची व्यवस्था स्वतः लावून ठेवावी, पक्के बिल घ्यावे आणि गळतीची हमी तोंडी न घेता त्या बिलावरच लिहून घ्यावी. मागितल्यावर ते लिहून देतात.