सी-स्पॅन : फोडणी न घातलेलं अमेरिकन राजकारण

टॅरिफच्या बातमीने कापसाचा बाजार हलला की आपल्याकडच्या चॅनेलवर चार डोकी भांडायला बसतात. मूळ माणूस अमेरिकन काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, नेमकं काय बोलला, ते मात्र कुणी दाखवत नाही. ती सोय सी-स्पॅन या अमेरिकन वाहिनीवर आहे. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत राज्यशास्त्र घेऊन बसलेल्यांना तर तिचा फार उपयोग आहे. पण ‘काटछाट न करता दाखवलेलं’ म्हणजे ‘सगळं दाखवलेलं’ असं धरून चालू नका.

ब्रायन लॅम्ब यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये हाऊसच्या (काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह) कामकाजापासून हे सुरू झालं, सीनेटसाठी (वरिष्ठ सभागृह) दुसरी वाहिनी 1986 मध्ये आली. आपला संसद टीव्ही संसदेचा, सी-स्पॅन मात्र खासगी, ना-नफा संस्था. केबल कंपन्या दर ग्राहकामागे काही सेंट देतात, त्यावर ती चालते. सरकारी पैसा नाही. आता लोक केबल तोडतायत, त्यामुळे तिचं उत्पन्नही आटतंय.

गोम आहे ती कॅमेऱ्यात. हाऊसच्या सभागृहातले कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत, ते हाऊसचे कर्मचारी चालवतात आणि रोख बहुतेक वेळ बोलणाऱ्यावरच असतो. 1984 मध्ये रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच कामकाज संपल्यावर विरोधकांवर तोफा डागायचे, आणि घरी बघणाऱ्याला वाटायचं, समोरच्यांकडे उत्तरच नाही! अखेर हाऊसचे अध्यक्ष (स्पीकर), डेमोक्रॅट टिप ओ’नील यांनी कॅमेरा सभागृहभर फिरवायला लावला, तेव्हा रिकाम्या खुर्च्या दिसल्या. जानेवारी 2023 मध्ये स्पीकरच्या निवडीसाठी 15 फेऱ्या झाल्या, तेव्हा सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे लावता आले. बाकांवरची कुजबुज, मनधरणी, हमरीतुमरी सगळं दिसलं. निवड झाली आणि पुन्हा तीच जुनी चौकट. समित्यांच्या सुनावणीला मात्र सी-स्पॅनवाले आपले कॅमेरे नेऊ शकतात, म्हणून तिथलं चित्रण जास्त बोलकं असतं.

एवढं इंग्रजी कोण ऐकत बसेल भो? तर तीन तासांची सुनावणी सलग बघूच नका, रोजचा डेटा पॅक तिथेच संपेल. वेबसाइटवरच्या व्हिडिओ लायब्ररीत 1987 पासूनचा साठा फुकट आहे. समितीचं किंवा माणसाचं नाव टाका, तारखेने गाळा, व्हिडिओखालच्या मजकुरात ‘cotton’ शोधा आणि त्या ओळीवर टिचकी मारा. व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. सीनेटमध्ये ‘कोरम कॉल’ (सदस्यांची हजेरी) लागला की सरळ पुढे सरका, तेवढ्या वेळात काहीच घडत नसतं.

तो मजकूर थेट प्रक्षेपणाच्या कॅप्शनमधून येतो. आकडे, आडनावं हमखास चुकतात, कोण बोलतंय तेही कधी कधी कळत नाही. प्रबंधात तो जसाच्या तसा उतरवू नका. काँग्रेशनल रेकॉर्डशी, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत छापील नोंदीशी, ताडून पाहा. तिथे वेगळीच अडचण आहे : सदस्यांना भाषण नंतर सुधारता-वाढवता येतं, न बोललेलं निवेदनही छापून आणता येतं. बोललं काय याला पुरावा व्हिडिओ, अधिकृत मजकुराला रेकॉर्ड. दोन्ही लागतात.

‘वॉशिंग्टन जर्नल’ हा फोन-इन कार्यक्रम तिथे सकाळी 7 ला असतो, म्हणजे आपल्याकडे मार्च ते नोव्हेंबर दुपारी 4:30 आणि हिवाळ्यात 5:30. रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष यांच्यासाठी फोनच्या वेगवेगळ्या लाइनी असतात, आणि एकदा बोललेल्याने 30 दिवस परत फोन करायचा नाही. निवेदक सहसा वाद घालत नाही. ही शिस्त छानच, पण कॉलरने थाप मारली तरी ती बऱ्याचदा तशीच खपून जाते. त्यातून लोकांचा कल समजून घ्या, माहिती घेऊ नका.

वाहिनी थेट लावायला गेलात तर साइट अमेरिकन केबल कंपनीचं लॉगिन मागते. आपल्याला साठाच पुरे. सुप्रीम कोर्टात तर कॅमेऱ्यालाच बंदी, तिथला फक्त आवाज मिळतो, आणि तोही थेट ऐकू यायला लागला मे 2020 पासून.

पाचपैकी चार. एक गुण कॅप्शनचा कापला.