तीन चर्च आणि माझी खंजिरी

आधीच सांगते, मी मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती मंडळीची. नगरची. वडील बूथ हॉस्पिटलात कंपाउंडर होते. रविवारी गणवेश घालून हॉलमध्ये, म्हणजे फौजेच्या प्रार्थनेच्या जागेत, ढोल वाजवायचे आणि सोमवारी पुन्हा औषधाच्या पुड्या बांधायला बसायचे. मुलाला पीथमपूरला नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही इंदूरला सुदामा नगरात आलो. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, तर सून म्हणते, "अहिल्याबाईंच्या माहेराहून सासरी आलात, आई. त्यात काय एवढं?" एवढंच की सासरी जवळपास मुक्तिफौजेचा हॉल नाही.

शेजारच्या काकूंना पहिल्याच आठवड्यात विचारलं, इथे चर्च कुठेय. त्या आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात नं पण?" यांच्या चार पिढ्या होळकरांच्या इंदुरात गेल्या, मराठी बोलता बोलता "मी येऊन राहिली आहे" असं म्हणतात, पण मराठी बाई ख्रिस्ती असते हे त्यांना नवीन होतं. शेवटी त्यांनी व्हाइट चर्चचा चौक सांगितला. इंदुरात कुणालाही चर्च विचारा, तो तेच सांगतो. मी लिहितेय ती तीन चर्च वेगळी. नावं देत नाही, कारण दोघांबद्दल थोडं कडू लिहिणार आहे, आणि तिसऱ्यांना आवडणार नाही.

पहिलं दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा नाही, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून चढावा. पण वाजवणं! ड्रम, टाळ्या, गिटार, अर्धा तास कुणी खाली बसत नाही. मी नगरच्या हॉलमध्ये वाढलेली, मला हे घरचंच. साक्ष द्यायला लोक आपणहून उठत होते, एका रिक्षावाल्या भावाने दारू कशी सुटली ते सांगितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुसत्या संगीताचे गुण द्यायचे तर पाचपैकी पाच. दुसऱ्या रविवारी मात्र पास्टरांनी बाजूला घेऊन विचारलं, "बहनजी, डुबकी का बप्तिस्मा हुआ है?" नाही म्हटलं. आमच्याकडे लहानपणी समर्पण होतं आणि मोठेपणी झेंड्याखाली शपथ. त्यावर ते हसून म्हणाले, मग सुरुवातीपासून सुरू करू. अहो, अठ्ठावन्न वर्षं झाली सुरू होऊन! घरी येईपर्यंत राग गेला नाही.

दुसरं कॅथलिक, शाळेच्या आवारातलं. स्वच्छ, वेळेवर, पन्नास मिनिटांत मोकळे. ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे पाव-द्राक्षारसाच्या विधीला, फक्त कॅथलिकांनी जायचं असतं, आणि ते मला उलट सोयीचंच होतं, कारण मी घेतच नाही. फादर गोड बोलले. पण तिथे साध्या माणसाला उठून मोठ्याने प्रार्थना करायला जागाच नाही. चार रविवार गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर "आमेन"शिवाय तोंडच उघडलेलं नाही.

तिसरं सी.एन.आय. म्हणजे उत्तर भारत मंडळी, जी 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या मिळून झाली. आपल्याकडचे अमेरिकन मिशनचे लोक त्यात आहेत, इथले कॅनडा मिशनचे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन 1877 साली इंदूरला आले, इथलं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. एक आजोबा हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगत बसले, त्यांच्या बोलण्यात "हमारे कॅनडावाले" असं येतं, जसं आपण मामाच्या गावाबद्दल बोलतो.

उपासना हिंदीत. प्रभूची प्रार्थना सगळे हिंदीत म्हणतात, मी हळू आवाजात मराठीत. दोन्हींची लांबी जुळत नाही. मी एक ओळ आधी संपवते आणि मग सगळ्यांच्या "आमेन"ची वाट बघत उभी राहते. येशूचा यीशु झालाय तो अजून जिभेवर बसत नाही. प्रवचन पंचवीस मिनिटांचं, घड्याळ लावून बघितलंय. सूचना मात्र अघळपघळ, एकदा तर वीस मिनिटं नुसता सहलीच्या बसचा हिशेब चालला होता. माइक खरखरतो.

मग मी इथेच का राहिले? व्हरांड्यात पाळकसाहेबांना सांगितलं, मी मुक्तिफौजेची. आधीच्या ठिकाणी मला विचारलं होतं की तुमचं काय काय झालंय. यांनी विचारलं, "तो प्रभु भोज के समय आप क्या करना चाहेंगी?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नव्हता.

न जाणणाऱ्यांसाठी: मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (तोच पाव-द्राक्षारसाचा), दोन्ही विधी नाहीत. फौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी 1883 मध्ये ते बाजूला ठेवले. माणसं विधीवरच विसंबून राहतात आणि मन बदलायचं राहून जातं, अशी काळजी होती. शिवाय फौजेत येणारे कितीतरी जण नुकतीच दारू सोडलेले, त्यांच्या ओठाला द्राक्षारस लावायचा कसा? पण दुसऱ्यांच्या मेजावर घेऊ नका, असं फौज सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या मनावर. मी पाळकसाहेबांना हे सगळं माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि आम्ही व्यसनाला शिवत नाही अशी शपथ घेतलेली असते हेही. ते म्हणाले, द्राक्षारस नाही, काळ्या मनुका. त्यांच्या मिसेस शनिवारी रात्री उकळून गाळून ठेवतात. तबक येईल तेव्हा घ्या, नाहीतर पुढे द्या.

पहिल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टीलचं तबक आलं. साध्या पावाचे चौकोनी तुकडे, बोटाच्या पेराएवढे, आणि छोट्या पेल्यांत तपकिरी रस. माझे हात थरथरत होते, पेले एकमेकांवर किणकिणले. मी तबक शेजारच्या बाईंकडे सरकवलं. त्यांनी ते खालून दोन्ही हातांनी धरलं, आपला तुकडा घेतला आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. नंतरही "का नाही घेतलं" हे कुणी विचारलं नाही. बाहेर पोहे होते, वर शेव आणि जीरावन, त्यांनी माझ्या बशीत जरा जास्तच शेव घातली. असे पाच महिने गेले. सहाव्या महिन्यात काय झालं ते इथे लिहीत नाही, नगरला आमच्या फौजेच्या पाळक, मेजरबाई, वाचतात.

खंजिरीचं सांगायचं राहिलं. लाल, निळ्या, पिवळ्या फितींची, फौजेच्या झेंड्याचे रंग. इथे हार्मोनियम आणि तबला, सगळं संथ, त्यामुळे ती पिशवीतच राहायची. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत काढली. एका मराठी घरापुढे मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू केलं, हिंदीवाल्या पोरांना शब्द येत नव्हते, पण ताल बरोब्बर धरला. त्या घरच्या आजी दाराला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर सवयीने माझा उजवा हात वर गेला, एक बोट आकाशाकडे, फौजेचा सलाम. एका पोराला वाटलं मी पतंग दाखवतेय, तोही वर बघायला लागला. रविवारी वाजवायची परवानगी कमिटीकडे मागितलीय. विषय तीन बैठका पुढे ढकलला गेलाय, म्हणून एक तारा कापते. पाचपैकी चार.

जाणार असाल तर पावणेदहाला पोचा, दहा म्हणजे इथे दहाच. चपला बाहेर काढायच्या नाहीत, मी दोन वेळा काढल्या. तिसऱ्या रांगेत उजवीकडच्या बाकाचा पाय हलतो, तेवढा सोडून कुठेही बसा.