ब्रिस्टल बे : किनाऱ्यावरचे जाळे की होडीवरचे?

अलास्कातील ब्रिस्टल बेमध्ये सॉकाय जातीच्या सॅमन माशांचा मुख्य हंगाम जून-जुलैतील जेमतेम सहा आठवड्यांचा असतो आणि तिथे मजुरीला जाणाऱ्याला किनाऱ्यालगत बांधलेले जाळे किंवा प्रवाहाबरोबर वाहणारे जाळे, यांतून निवड करावी लागते. एका परवान्यावर वाहत्या जाळ्याची लांबी १५० वावांपर्यंत (एक वाव म्हणजे सहा फूट) असते. त्याच्या होडीला ३२ फुटांची मर्यादा असल्याने झोपणे, रांधणे आणि मासे साठवणे सारे तेवढ्यातच उरकावे लागते. बांधलेले जाळे ५० वावांचेच, पण त्याचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. रात्री दोनला पाणी चढले, तर रात्री दोनलाच रबरी कपडे चढवून छोट्या उघड्या होडीत उतरायचे, जाळे होडीच्या काठावरून ओढत न्यायचे आणि कल्ल्यांत अडकलेला दोर बोथट आकड्याने सोडवत एकेक मासा मोकळा करायचा. आठवडाभरात बोटे इतकी सुजतात की सकाळी मूठ वळत नाही. ओहोटीला गुडघाभर चिखल असतो, तोही होडीइतकाच दमवतो. तरीही काम संपल्यावर कोरड्या खोपटात शेगडीपाशी पाठ टेकता येते, म्हणून नवख्याने किनाराच निवडावा, असे माझे मत आहे. मात्र मासे दूरच्या पाण्यातून गेले, तर बांधलेले जाळे त्यांच्यामागे जाऊ शकत नाही.