वार्षिक फास्टॅग पास : घ्यावा असाच आहे, पण मोजमाप चुकलंय

घरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. राहते साताऱ्यात, पेशंट वाईपासून कराडपर्यंत पसरलेले. पक्षाघातातून उठणारी, गुडघा बदललेली माणसं क्लिनिकपर्यंत कशी येणार? म्हणून मीच जाते. त्यामुळे पुणे-बंगळूर हायवे हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि आनेवाडी व तासवडे हे दोन्ही टोलनाके कायम वाटेत. १५ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने फास्टॅगचा वार्षिक पास सुरू केला, तो मी लगेच घेतला. त्याचा हा अनुभव. ज्यांचं पोट हायवेवर आहे अशांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

पास घेणं सोपं आहे. राजमार्गयात्रा ॲपवर गाडीचा नंबर टाकायचा, गाडी पात्र आहे का ते तिथेच तपासलं जातं, मग यूपीआयने पैसे भरायचे. सुरू झाला तेव्हा दर ३००० रुपये होता. नवा टॅग लागत नाही, काचेवर आहे त्याच टॅगवर पास चढतो. फास्टॅगच्या वॉलेटमधल्या शिल्लक रकमेतून मात्र तो घेता येत नाही, वेगळे पैसे मोजावे लागतात. २०० फेऱ्या (नाका एकदा ओलांडला की एक फेरी) किंवा एक वर्ष, जे आधी संपेल तिथे पास संपतो आणि टॅग पुन्हा नेहमीसारखा पैसे कापू लागतो. खासगी कार, जीप, व्हॅन एवढ्यांनाच मिळतो.

हिशेब करा : ३००० भागिले २००, म्हणजे फेरीला १५ रुपये. आमच्या दोन्ही नाक्यांवरचा एकेरी दर याच्या कितीतरी पट आहे. माझ्यासारखीला हा पास वर्ष संपायच्या आतच वसूल होतो. पेशंटकडून येण्याजाण्याचे वेगळे पैसे घेताना जीव खालीवर व्हायचा, ते मी आता बंद केलं. या एका कारणासाठीसुद्धा मी पासला चांगले गुण देईन.

आता खटकतं ते.

साताऱ्याहून पाचवडला एक आजी आहेत, त्यांच्याकडे जाते. अंतर वीसेक किलोमीटर, मध्ये आनेवाडी. एक फेरी कापली. सांगलीला दिराकडे जाते, अंतर सव्वाशेच्या आसपास. शेंद्रे, नागठाणे, उंब्रज, तासवडे, कराड, पेठनाका, मग इस्लामपूर-आष्टा करत सांगली. कापली जाते तीही एकच फेरी. आणि उंब्रजला मामांकडे जाते तेव्हा तीसेक किलोमीटर हायवे वापरूनही काहीच कापलं जात नाही, कारण तासवड्याचा नाका उंब्रजच्या पुढे आहे. म्हणजे पाचवडच्या आजींसाठी मी पैसे मोजते, त्याहून लांबच्या उंब्रजला फुकट जाते, आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या सांगलीला पाचवडएवढ्याच पैशांत. रस्ता किती वापरला याचा आणि पैशाचा इथे काही मेळच नाही. नाका ओलांडला की नाही, एवढंच बघितलं जातं.

गंमत म्हणजे टोलचा दर मुळात किलोमीटरवरच ठरतो. २००८ च्या टोल नियमांत चौपदरी रस्त्यासाठी कारचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे धरला होता, तोही २००७-०८ सालचा. दर १ एप्रिलला त्यात वाढ होते. नाक्याच्या वाट्याला जेवढा रस्ता येतो तेवढे किलोमीटर गुणिले दर, पुलांचं-बोगद्यांचं वेगळं, अशी बेरीज करून रक्कम बनते. पण ती वसूल करताना सगळ्यांकडून पूर्ण पट्ट्याची घेतात. चार किलोमीटर गेलेला आणि पन्नास किलोमीटर गेलेला एकाच रांगेत. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी खासगी गाडीचा मासिक पास आहे, तेवढाच दिलासा. वार्षिक पासाने किलोमीटर आणि पैसा यांचं उरलंसुरलं नातंही तोडलं.

माझं स्पष्ट मत आहे की पैसे किलोमीटरवर घ्यावेत. त्याने माझा सांगलीचा खर्च वाढेल हे कळतं, तरी म्हणते. समृद्धी महामार्गावर आत्ताच तसं चालतं : जिथे चढलात तिथून जिथे उतरलात तिथपर्यंतचेच पैसे. राष्ट्रीय महामार्गांसाठीही सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून उपग्रहावर आधारलेल्या आकारणीची सोय केली गेली, त्यात रोज दर दिशेला २० किलोमीटरपर्यंतचा प्रवास माफ धरला होता. पाचवडच्या खेपेला मला नेमकी हीच सवलत हवी आहे. पण ती पद्धत देशभर आलेली नाही, आणि मधल्या मध्ये आला तो हा पास.

दीर म्हणतात, "वहिनी, किलोमीटर मोजायचे म्हणजे सरकारला तुम्ही कुठे कुठे गेलात ते सगळं कळणार." त्यांची भीती खोटी नाही. पण अंतर मोजायला माग काढावाच लागतो असं नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांचे मालक गेली अनेक दशकं हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घेतात. गाडीचं मीटर दाखवतं तोच हिशेब, आणि काचेवर लेबल. १ एप्रिल २०२४ पासून तिथल्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही ते लागू झालं, १००० किलोमीटरला ७६ डॉलर. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०१५ मध्ये मैलावर आकारणी सुरू केली, ती ऐच्छिक ठेवली आणि जीपीएस नसलेल्या उपकरणाचा पर्यायही दिला. मुद्दा असा की ठरवलं तर रस्ते आहेत.

दिरांनी स्वतः नुकतीच इलेक्ट्रिक कार घेतलीय, म्हणून हा विषय आमच्या घरात पेटलेला असतो. पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर असतो, तो माझ्या प्रत्येक लिटरमधून जातो. त्यांच्या चार्जिंगमधून तो जात नाही. शिवाय महाराष्ट्राने २०२५ मध्ये अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोल माफ केला. गाड्या विकल्या जाव्यात म्हणून सवलत द्या, माझी तक्रार नाही. पण अशा गाड्या वाढत गेल्या की रस्त्याचा पैसा कुठून आणणार? इंधन मोजून भागणार नाही, अंतरच मोजावं लागेल. ब्रिटनने तर एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक कारना मैलाला तीन पेन्स लावायचं जाहीरही केलंय.

आणि पैसा लागणारच आहे. माझ्या पेशंटांत हायवेवर मोडलेली माणसं असतात. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावरचं ते एस वळण इथे कोणाला सांगावं लागत नाही. मांडीत रॉड घातलेल्या तरुण मुलाला पुन्हा पहिलं पाऊल टाकायला लावताना मला नेहमी वाटतं, रस्ता नीट करायला लागतील तेवढे पैसे घ्या, पण ते कुठल्या किलोमीटरसाठी घेतले हे दाखवा. सहापदरीकरणात कराडजवळ वळणावळणाने, धुळीतून गाडी काढताना हाच प्रश्न पडतो. किलोमीटरने पैसे घेतले तर किलोमीटरचा जाबही विचारता येईल. आज नाक्यावरच्या पोराला विचारून काय उपयोग?

उंब्रजच्या मामांचा मुद्दाही सांगायलाच हवा. त्यांची पिकअप आहे, पहाटे भाजी भरून कराडच्या मार्केट यार्डात जातात. उंब्रज ते कराड सतरा-अठरा किलोमीटर. गाडी व्यावसायिक, म्हणून वार्षिक पास नाही. त्यांचं म्हणणं, "तुला सांगलीपर्यंत पंधरा रुपयांत सोडतात आणि मला कराडला जायला त्याच्या कितीतरी पट." मला उत्तर देता आलं नाही. जड गाडी रस्ता जास्त झिजवते हे खरं, एक्सलवरचं वजन वाढलं की झीज कितीतरी पटींनी वाढते. त्यांनी गाडीच्या वजनाप्रमाणे द्यावं, पण तेही जितकं अंतर गेले तितक्याचंच. त्यांचा वापर मोजला तर त्यांना न्याय मिळेल.

नाक्यावरचा अनुभव बहुतेक वेळा चांगला. टॅग वाचला की फळी वर, आणि मोबाइलवर किती फेऱ्या उरल्या त्याचा मेसेज. एका नाक्यावर मात्र टॅग वाचलाच गेला नाही. मागे हॉर्नचा कल्ला, आणि खिडकीशी आलेला मुलगा म्हणाला, "ताई, रोख द्या, दुप्पट लागतील." मी गाडी हलवली नाही. टॅग चालू असताना नाक्याचं यंत्र वाचत नसेल तर शून्य रुपयांची पावती देऊन गाडी सोडायची, असा नियम आहे. तो शांतपणे सांगितला आणि १०३३ हा महामार्ग हेल्पलाइनचा नंबर लावायला घेतला. तोवर दुसरा कर्मचारी हातातलं मशीन घेऊन आला, काचेला लावलं, फळी वर. हा नियम पाठ ठेवा. बायका एकट्या गाडी चालवत असल्या की घाईत पैसे देऊन मोकळ्या होतात. देऊ नका.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. आठवड्यातून एकदोनदा जरी राष्ट्रीय महामार्गावरचा नाका ओलांडत असाल तर पास घ्या. वर्षातून दोनदा देवदर्शनाला निघणाऱ्यांनी घेऊ नये, पैसे परत मिळत नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर तो चालत नाही, म्हणून वॉलेटमध्येही रक्कम ठेवा. गाडी नवी असताना टॅग चॅसी नंबरवर काढला असेल, तर आधी बँकेकडून गाडीचा नंबर चढवून घ्या, त्याशिवाय पास मिळत नाही. टॅग काचेला चिकटवलेलाच हवा, आणि एका गाडीचा पास दुसरीला चालत नाही.

पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड गुण किलोमीटरचे.