कुत्र्याचा जुना दागिना घ्यायचाय? विलायती क्रिस्टल, प्लॅस्टिकचा ब्रोच की आपल्या खंडेरावाची चांदी

पहिले एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना डोक्यात राहील. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात कुत्र्याला भाव नाही, वजनाला आहे. तुम्ही इंग्लंडच्या लिलावातून दीडशे वर्षं जुनी, टेरियर कुत्र्याचं तोंड असलेली, टायला टोचायची स्टिकपिन आणा आणि काउंटरवर ठेवा, समोरचा भिंगातून बघेल, "हाई काय शे, कुत्रा?" म्हणेल, मग काच सोडून सोनं किती भरतं ते सांगेल, आणि टंच ९ कॅरेटचा निघाला की त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं कौतुक उतरून जाईल. त्याची चूक नाही त्यात. इथे डाग, म्हणजे दागिना, मोडीत येतो तेव्हा घडणावळीचा एक रुपया कोणी देत नाही, मग ती घडणावळ कोणाचीही असो. त्यामुळे अडीअडचणीला मोडता येईल म्हणून घेताय की आवडतं म्हणून घालायला घेताय हे आधी ठरवा. पहिलं उत्तर असेल तर सरळ २२ कॅरेटची चेन घ्या आणि हे वाचणं सोडून द्या.

आवडीचं असेल तर मग चॉईस भरपूर आहे.

सगळ्यात नाव असलेला प्रकार म्हणजे ज्याला एसेक्स क्रिस्टल म्हणतात तो. स्फटिकाचा वरून घुमट असलेला तुकडा घेतात, तो मागच्या सपाट बाजूने कोरतात, म्हणजे उलटा खड्डा पाडत जातात, त्या खड्ड्यात बारीक ब्रशने रंग भरतात आणि मागे शिंपल्याचा पातळ तुकडा लावून बंद करतात. समोरून बघितलं की कुत्र्याचं डोकं काचेच्या आत खरोखर बसलंय असं दिसतं, कान पुढे, मान मागे. १८६० च्या सुमारास बेल्जियमच्या एमिल मारियस प्रादिए याने हे सुरू केलं असं मानतात, इंग्लंडमध्ये थॉमस कुक आणि त्याचा शिष्य थॉमस बीन यांनी केलं. विल्यम एसेक्स हा वेगळाच माणूस, व्हिक्टोरिया राणीचा मीनाकारीचा चित्रकार, त्याने कुत्र्यांची चित्रं केली पण ती तांब्यासोन्यावरच्या मीन्यात, क्रिस्टल त्याने केलेच नाहीत. तर कोणी ऑनलाइन तुम्हाला "स्वतः एसेक्सने बनवलेला क्रिस्टल" विकत असेल तर त्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा.

हातात मिळाला तर बघायचं काय, तर पहिले आडवा धरा. खऱ्यात चित्राला खोली असते, दागिना तिरपा केला की नाकाचा शेंडा आणि कान वेगवेगळ्या पातळीवर हलतात. नकलीत, म्हणजे नंतर साच्यातल्या काचेत किंवा प्लॅस्टिकमध्ये जे निघाले त्यात, चित्र सपाट पडतं, मागे स्टिकर लावल्यासारखं. मग भिंग लावा. काचेत हवेचे गोल बुडबुडे दिसू शकतात, स्फटिकात ते नसतात, आणि चांगल्या कामात कुत्र्याच्या गालावरचा एकेक केस सुटा काढलेला असतो, डोळ्यात पांढरा ठिपका असतो तो बरोबर जागेवर. गालाला लावून बघा, स्फटिक थंड लागतो आणि बराच वेळ थंड राहतो, प्लॅस्टिक लगेच कोमट होतं. कडेने धूसर ढग दिसत असेल तर आत पाणी गेलंय, ते परत निघत नाही, भाव पाडून मागा नाहीतर सोडा.

आता खरी अडचण सांगतो. आपल्याकडे कुठलाही दागिना सराफाकडे नेला की तो आधी रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रश मारतो, सवयच आहे, आणि मोठ्या दुकानात ते थरथरणारं मशीन असतं त्यात टाकतात. या क्रिस्टलला दोन्ही चालत नाही. पाणी शिंपल्याच्या आणि स्फटिकाच्या मधे गेलं की रंग गेला. दुसरं म्हणजे स्टिकपिन आपण घालणार कुठे, टाय कोण लावतं रोज, म्हणून लोक म्हणतात पेंडंट करून द्या, आणि कारागीर बिचारा सरळ झाळायला, म्हणजे आचेवर सांधायला घेतो. झाळ लागली की चित्र आतल्या आत करपतं. पेंडंट करायचंच असेल तर पिन शाबूत ठेवून वरून अडकवायची वेगळी फ्रेम करून घ्या, झाळकाम फ्रेमवर होऊ द्या आणि दागिना शेवटी बसवायला सांगा, तेही तुमच्यासमोर.

सोन्याच्या खुणा वाचायला सोप्या आहेत. इंग्लंडमध्ये १८५४ ला ९, १२ आणि १५ कॅरेटला परवानगी मिळाली, १९३२ ला १२ आणि १५ बंद होऊन १४ आलं. म्हणजे १५ आणि शेजारी .६२५ असा शिक्का दिसला तर डाग १९३२ च्या आधीचा. ९ वर .३७५ असतं. लहान पिनांवर पुष्कळदा शिक्काच नसतो, त्यावरून लगेच खोटी म्हणू नका, टंच काढून घ्या. आपल्याकडे हॉलमार्क २०२१ पासून सक्तीचा झाला, २०२५ पासून ९ कॅरेटलाही लागू झाला, पण १५ कॅरेट आपल्या यादीत नाहीच, त्यामुळे तशा डागाबद्दल इथला सराफ थोडा गोंधळतो, गोंधळू द्या. भाव म्हणाल तर चांगला कुत्रा काही शे पौंडांपासून सुरू होतो आणि काम भारी असेल तर हजारांत जातो, वर कुरिअर, ड्युटी, टॅक्स वेगळं.

इटलीच्या मायक्रोमोझेकबद्दल थोडक्यातच लिहितो कारण आपल्याकडे हा फार कोणाच्या नजरेत भरणार नाही. काचेच्या केसासारख्या कांड्या ओढून त्याचे बारीक तुकडे शेजारी शेजारी बसवून चित्र करतात, रोममध्ये १७७० च्या दशकात जाकोमो राफाएल्लीने याला नाव मिळवून दिलं, युरोपचे श्रीमंत प्रवासी आठवण म्हणून न्यायचे आणि त्यात स्पॅनियल कुत्रं हा आवडीचा विषय. जुन्या चांगल्या कामात तुकडे नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. नंतरच्या टूरिस्ट मालात ते ठसठशीत दिसतात आणि फुलंच जास्त असतात. एखादा तुकडा पडला असेल तर तिथे मेण भरून रंग लावलेला असतो, उजेडात तिरपं धरलं की तेवढीच जागा चमकत नाही. सुंदर असतं, खोटं कशाला बोलू, पण पडलं की गेलं आणि दुरुस्त करणारा मी तरी इकडे बघितला नाही.

आता स्वस्तातला आणि मला मनापासून आवडणारा प्रकार, विसाव्या शतकातले ब्रोच. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्कॉटी कुत्र्याचं वेड होतं, पुढे प्रेसिडेंट रूझवेल्टकडे फाला नावाचा स्कॉटी आला त्याने आणखी हवा भरली. तेव्हाचे बेकेलाइटचे, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचे स्कॉटी, काळे, लाल, मधाच्या रंगाचे, अजून मिळतात. बेकेलाइट ओळखायला गरम पाण्याच्या नळाखाली धरून लगेच वास घ्या, फॉर्मलिनचा वास येतो, कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये बरण्यांना यायचा तोच. गरम सुई टोचून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सेल्युलॉइड नावाचं दुसरं जुनं प्लॅस्टिक निघालं तर पेट घेतं. दुसरे ट्रायफारी कंपनीचे जेली बेली म्हणतात ते, पोटाच्या जागी ल्युसाइट या पारदर्शक प्लॅस्टिकचा गोळा आणि बाकी अंग चांदीवर सोन्याचं पाणी. महायुद्धात बाकीचे धातू लढाईला गेले म्हणून दागिन्याला चांदी वापरायला लागली, म्हणून मागे स्टर्लिंगचा शिक्का असतो. हे थोडे महाग, शेकडो डॉलरच्या घरात. आणि तिसरी पॅरिसची लेआ स्टाइन, तिचा रिक नावाचा एअरडेल टेरियर, सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेला, मागे व्ही आकाराची पिन आणि त्यावर तिचं नाव. तिचा कोल्हा जास्त फेमस आहे पण कुत्रा जास्त गोड आहे, हे माझं मत. हा पन्नास-शंभर डॉलरच्या आसपास मिळून जातो.

यांचा शत्रू म्हणजे आपला मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत डॅशबोर्डवर ब्रोच राहिला तर ॲसिटेट वाकडं होतं आणि थर सुटायला लागतात. लोखंडी कपाटात गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका. आणि सेल्युलॉइड बाकी दागिन्यांसोबत एका डबीत नको, ते जुनं झालं की आम्ल सोडतं आणि शेजारच्या धातूला खातं.

साडीला लावायचं म्हणाल तर हलका प्लॅस्टिकचाच बरा. व्हिक्टोरियन ब्रोचची पिन जाड असते, पैठणीच्या पदराला भोक पडून राहतं, आणि साधा इंग्रजी सी आकाराचा हुक असतो त्यातून ती सुटते पण. लॉक असलेला हुक विसाव्या शतकातला. कोणी व्हिक्टोरियन म्हणून विकत असेल आणि मागे लॉक दिसलं तर विचारा, बदलला असेल किंवा दागिनाच नंतरचा असेल.

आणि आता घरचा कुत्रा. इतकं लांब जायच्या आधी आजीच्या देव्हाऱ्यात बघा ना. खंडेरावाचा टाक बघितलाय ना नीट, घोडा, वर देव, सोबत म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा, काही टाकांत तर तो दैत्याची मांडी धरून बसलेला असतो. चांदीच्या पत्र्यावर मागून ठोकून उठाव आणलेला. त्याची शेपूट वर वळलेली, अंग शिडशिडीत, म्हणजे आपल्या गल्लीतलाच. एखाद्या मुलीने तीन गावठी पिल्लं पाळली असतील तर तिला फॉक्स टेरियर देऊन काय करणार, मला तर हा जास्त जवळचा वाटतो.

पण फरक समजून घ्या. टाक घालायचा नसतो, तो पूजेचा. घालायचं ते पेंडंट किंवा पेटी, त्याला मुळातच कडी असते. बाजारात काही लोक दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला टाक घेऊन वरून कडी चिकटवून पेंडंट म्हणून विकतात, कडीच्या मुळाशी बघा, चांदी काळवंडलेली आणि झाळ मात्र पांढरी लखलखीत. दुसऱ्याच्या कुळाचा टाक गळ्यात घालणं मला पटत नाही, तुम्हाला चालत असेल तर तुमचं तुम्ही बघा. जुनेपणा ओळखायचा झिजेवरून. रोजचं स्नान, हळद, पुसणं याने देवाचं नाक, घोड्याचा कान हे वर आलेले भाग गुळगुळीत होतात आणि खाचेत काळं आणि हळदीचं पिवळं साचून राहतं. औषधाने काळं केलेल्या नव्या मालात काळेपणा सगळीकडे सारखा असतो आणि नाक मात्र टोकदार.

दत्ताच्या लॉकेटमध्ये पण चार कुत्रे असतात, पण लॉकेट लहान असलं की त्यांचे नुसते ठिपके होतात. निदान दीड इंचाचं घ्या. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेत चांदीसारखं दिसणारं भरपूर मिळतं, त्यातलं बहुतेक जर्मन सिल्व्हर, नातेवाइकांना वाटायला ठीक, जुनं म्हणून घेऊ नका. भिल्लांच्या जुन्या चांदीसाठी नंदुरबार-धडगाव भागातले सराफ बरे, त्यांच्याकडे मोडीत आलेलं आटणीला जायच्या आधी बघायला मिळालं तर नशीब, चांदीचा भाव चढला की ते पटकन आटवतात.

चांदीत फायदा असा की मोडीत निदान चांदीचा भाव येतो, रिठ्याने धुता येतं, उन्हाने काही होत नाही, आणि लग्नात आत्या-मावश्यांनी "कुत्रं काय गळ्यात घातलंय" म्हटलं तर खंडेराव आहे म्हणून सांगता येतं. तोटा असा की आधुनिक कपड्यावर सगळ्यांना शोभत नाही, आणि कुत्र्यापेक्षा देव मोठा दिसतो, निव्वळ कुत्राच हवा असेल तर हे नाही.

माझ्या हिशोबाने दहा हजाराच्या आत असाल तर रिक किंवा बेकेलाइट, डोळे झाकून. पन्नास हजाराच्या पुढे जायची तयारी असेल आणि घेणारी व्यक्ती दागिना जपणारी असेल तरच क्रिस्टल, तोही बिल आणि मागच्या बाजूच्या फोटोशिवाय नाही. मधल्या बजेटला चांदीचं जुनं खंडेरावाचं पेंडंट. मायक्रोमोझेक मी तरी भेट म्हणून देणार नाही.

हस्तिदंतात कोरलेल्या कुत्र्याच्या डोक्याच्या जुन्या पिना बाहेरच्या साइटवर दिसतात, त्यांच्या नादाला लागू नका, आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वन्यजीव कायद्याखाली केस होते, "आजोबांच्या काळातला आहे" याने सुटका होत नाही. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी खंडेरावाची चांदी अमेरिकेतल्या भाचीला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. तिला रिकच पाठवा, तोही तिकडेच ऑर्डर करून.