तीन एजन्सी, अकरा महिने आणि पडलेले दोन दात

लेक सात वर्षांची, दुसरीत. गॅदरिंगला कुणीतरी "हिला जाहिरातीत घाला" म्हणालं आणि आम्ही कोथरूडची साधी माणसं बालकलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या एजन्सींच्या नादी लागलो. एजन्सी मोबदल्यातून कमिशन कापते; एक्सक्लुझिव्ह म्हणजे काम फक्त तिच्यामार्फतच, नॉन-एक्सक्लुझिव्ह म्हणजे इतर एजन्सींकडेही जायची मोकळीक. मी तीन ठिकाणी नॉन-एक्सक्लुझिव्ह सही केली. अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही, म्हणून सही आपली. आणि पुढची भांडणंही आपलीच.

आधी फोटोंबद्दल बोलू द्या. प्रत्येक एजन्सीला "आमच्याच फोटोग्राफरचे" फोटो हवेत. साडेचार हजार, सहा हजार, पुन्हा साडेचार. झाले पंधरा. हातात पडले त्यांवर एजन्सीचा आडवा लोगो, तोही नेमका लेकीच्या हसण्यावर. म्हणजे एकीचे फोटो दुसरीकडे चालायचे नाहीत. दोन महिन्यांत तिचे वरचे दोन दात पडले. ऑडिशनला विचारलं, "फोटोतली हीच का?" पंधरा हजार! यात पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं.

तरी पहिले पाच महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, जितक्या एजन्सी तितके चान्स. दोन जाहिराती मिळाल्याही.

मग ती बिस्किटाची जाहिरात आली. दोन एजन्सींनी लेकीचं प्रोफाइल एकाच कास्टिंगवाल्याकडे, म्हणजे जाहिरातीसाठी मुलं निवडणाऱ्याकडे, पाठवलं; एकीने दिवसाचे पंधरा हजार सांगितले, दुसरीने बारा. आम्हाला पत्ता नाही. सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादर, तिथून लोकलने अंधेरी, लूक टेस्ट, शॉर्टलिस्ट. परत दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभे असताना फोन आला: "आधी तुमच्या दोन एजन्सींचं मिटवा." मिटेपर्यंत दुसरी मुलगी घेतली. लेकीने विचारलं, "मग आता गाडीतलं कटलेट तरी?"

त्या रात्री इथे लिहिलं होतं, एकच एजन्सी ठेवा. ते आता अर्धं मागे घेतो. एकीला तसं सांगून पाहिलं, तर तिने दोन वर्षांचा एक्सक्लुझिव्ह करार पुढे केला, डबिंगसकट. डबिंगचं एकही काम त्यांनी आजवर आणलेलं नाही, तरी कमिशन हवं! मी सही केली नाही. आता दोन ठेवल्यात: एक जाहिरातींना, दुसरी फक्त डबिंगला, दोघींकडून तसं लेखी घेऊन.

पण दोन असल्या की दिवस कोण मोजणार? बालमजुरी कायद्याखालच्या 2017 च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि सलग 27 दिवसांपलीकडे नाही. प्रत्येक एजन्सी स्वतःच्याच तारखा बघते. शनिवारी शूटिंग, रविवारी डबिंग लागलं तेव्हा दोघी म्हणाल्या, "आमचा तर एकच दिवस आहे." शेवटी आजी कालनिर्णयवर लाल पेनाने तास लिहायला लागली. तेवढा एकच हिशेब बिनचूक.

पैशांचंही तेच. मोबदल्यातले निदान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. एजन्सी म्हणते प्रोड्युसर बघतो, प्रोड्युसर म्हणतो एजन्सीला विचारा. एका कामाच्या बारा हजारांवरचे चोवीसशे, आणि त्यांच्या पावतीसाठी माझे नऊ फोन.

आता नवे दात आलेत, आणि जाहिरातवाल्यांना नवं पोर्टफोलिओ हवंय. मी गच्चीच्या पांढऱ्या भिंतीसमोर मामाच्या मोबाइलवर बारा फोटो काढून पाठवले. मुकाट्याने घेतले. लोगो लावलाच, पण या वेळी कोपऱ्यात.